पंचवीसची पुडी

१

औषध भांडाराचं कुलूप शुक्रवारी दुपारी फुटलं. फोडणाऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, हे फौजदार देवराम पगारे यांच्या पहिल्याच नजरेत आलं. कुलपाच्या तोंडावर हातोडीचे आठ-दहा घाव होते, पण दांडी सरळ, कोयंडा जागच्या जागी. म्हणजे कुलूप आधी किल्लीनं उघडलं आणि मग शोभेसाठी ठोकलं. नाशकातले चोरही आता सरकारी नोकरांसारखे कामचुकार झाले, असं पगाऱ्यांच्या मनात आलं.

"बारा डबे गेले हो!" भांडाराचे प्रमुख डॉ. खांबेटे मान पुसत म्हणाले. "मलेरियाच्या गोळ्या. एकेका डब्यात हजार."

"आणखी काय गेलं?"

"बाकी काही नाही."

शेजारच्या कपाटात पेनिसिलिनची इंजेक्शनं होती. बाजारात ती हातोहात खपली असती. चोरानं तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"किल्ल्या कोणाकडे असतात?"

"एक माझ्याकडे, एक पहारेकरी रहेमानकडे. तो त्या वेळी नमाजाला गेला होता, असं तो म्हणतो." डॉक्टरांनी 'असं तो म्हणतो' हे शब्द चिमटीत झुरळ धरावं तसे उच्चारले.

पगाऱ्यांची नोकरी एकोणीस वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात माणसांबद्दलचं त्यांचं मत दर वर्षी थोडं थोडं खाली आलं होतं. त्यातही अधिकारी माणसांबद्दलचं जास्त. ते मत वर न्यावं असं डॉ. खांबेट्यांच्या तोंडावर काही दिसेना.

शनिवारी सकाळी मुंबईहून उपअधीक्षक मिरजकर आले. त्यांचा मुक्काम सरकारी विश्रामगृहात नव्हता, तिथल्या गाद्या त्यांच्या पाठीला सोसत नसत. सिन्नरचे विडी कारखानदार बारकूशेठ लोणारे यांनी गंगापूर रोडवरचा आपला बंगला साहेबांना मोकळा करून दिला होता. साहेबांनी त्या बदल्यात शेठना 'रसदविरोधी नागरिक समिती'चं अध्यक्षपद दिलं होतं.

मिरजकरांनी टेबलावर महाराष्ट्राचा नकाशा पसरला. नाशिकपासून गडचिरोलीच्या जंगलापर्यंत त्यांनी लाल पेन्सिलीनं एक सरळ रेघ ओढली होती. मधले डोंगर, नद्या आणि माणसं त्या रेघेला कुठंच आडवी आली नव्हती.

"रसद, पगारे! रसद तोडली की नक्षलवादी संपला. मंगळवारी तिकडे त्यांच्या तळावर छापा पडला. माणूस एक सापडला नाही, पण हा डबा सापडला. नाशिक भांडाराचा शिक्का आहे. गुरुवारी मी खांबेट्यांना फोन केला, साठा तपासा म्हटलं. आणि शुक्रवारी चोरी!"

"साहेब, डबा जंगलात सापडला मंगळवारी. चोरी झाली शुक्रवारी."

"मग आधीही चोरत असणार."

"मग काल काय चोरलं?"

साहेबांनी नकाशाची घडी घातली. "पगारे, सोमवारी संध्याकाळी पाच वाजता या रहेमानचा प्रस्ताव कलेक्टरांकडे जातो. राष्ट्रीय सुरक्षा कायदा. वर्षभर आत, कोर्टाचं तोंड न बघता. तोवर तुमच्या शंका निस्तरा."

२

रहेमान कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. पन्नाशीचा, किडकिडीत. पगारे आत आले तसा धडपडून उठला.

"साब, जुम्म्याला एक ते दोन मी मशिदीत असतो. अख्ख्या भांडाराला ठाऊक हाय. शंभर माणसं सांगतील."

ती शंभर माणसं साहेबांनी हिशेबातच धरली नव्हती. "सगळे एकाच माळेचे मणी," असं म्हणून त्यांनी साक्षी घ्यायलाच मनाई केली होती.

"भांडारातून डबे बाहेर जाताना कधी पाहिलेस?"

"बाहेर जाताना नाही साब. पण होळीच्या आधी एक टेम्पो आला होता. डाक्टरसाहेबांनी मला चहा आणायला पाठवलं. बाजूला टपरी असताना म्हणाले, लांब द्वारका चौकातून आण. येईपर्यंत टेम्पो गेला."

"कोणाचा होता?"

"नाव नाही वाचलं. पण आत तंबाखूचा असा भपकारा होता म्हणता, दोन दिवस गेला नाही. मी खिडक्या उघडून ठेवल्या."

कोठडीबाहेर त्याची बायको जुलेखा उभी होती. रडून झालं होतं, आता तिला संताप आला होता.

"साहेब, वर्षभर कोर्ट नाही म्हणे. चार पोरी हायेत घरात, मोठीचं लगन ठरलंय. जावयाकडचे कालच येऊन विचारून गेले, खरं काय म्हणून. घरात ताप आला तर हा माणूस गोळी दुकानातून इकत आणतो. भांडारातली एक गोळी कधी घरी आणली नाही. असला चोर असतो का, तुम्हीच सांगा!"

"सोमवारपर्यंत थांबा," पगारे म्हणाले. असल्या आश्वासनाची किंमत त्यांना स्वतःलाच ठाऊक होती, म्हणून ते तिथून लगेच निघाले.

ते परत भांडारात गेले. मागच्या फळीवर मलेरियाच्या गोळ्यांचे राहिलेले डबे ओळीनं उभे होते. त्यांतला एक त्यांनी उचलला. खाली धुळीत स्वच्छ गोल उमटला होता. दुसरा उचलला, तिथंही गोल. मग त्यांनी गेलेल्या बारा डब्यांची जागा पाहिली. तिथं एकही गोल नव्हता. तिथंही महिना-दीड महिन्याची धूळ बसली होती.

म्हणजे काल इथून काहीच चोरीला गेलं नव्हतं. बारा डबे कित्येक आठवड्यांपूर्वी उजळ माथ्यानं बाहेर पडले होते.

आणि किल्ली असलेली माणसं दोनच. एकाला चहा आणायला पाठवलं होतं.

३

डॉक्टरांना धरून हलवलं असतं तर ते पाच मिनिटांत ओकले असते. पण साहेबांच्या आज्ञेशिवाय डॉक्टरांना हात लावायची सोय नव्हती आणि साहेब संध्याकाळी त्यांच्याबरोबरच जेवणार होते. शिवाय खरा प्रश्न उरतच होता. टेम्पो कोणाचा?

पगाऱ्यांनी जंगलात सापडलेला डबा मागून घेतला. छाप्यातल्या मुद्देमालाची यादी त्यावर चिकटवली होती. कॅन्व्हासचे बूट, टॉर्चचे सेल, हिरवं कापड, गोळ्या. मिरजकरांच्या माणसांनी प्रत्येक वस्तू मोजली होती, मात्र डब्यात हात कोणीच घातला नव्हता.

आत सुट्या गोळ्या नव्हत्या. वर्तमानपत्राच्या कागदाच्या छोट्या छोट्या पुड्या होत्या, दोऱ्यानं बांधलेल्या. पगाऱ्यांनी एक सोडली आणि गोळ्या मोजल्या. पंचवीस. दुसरी सोडली. पंचवीस. सहाव्या पुडीतही पंचवीसच.

त्यांनी पोलीस दवाखान्याच्या कंपाउंडरला बोलावलं. "मलेरियाच्या रोग्याला किती गोळ्या देतात?"

"दहा. पहिल्यांदा चार, मग दोन-दोन-दोन."

"मग पुडी केवढ्याची बांधाल?"

"दहाचीच की. पंचवीसची कशाला बांधीन? अडीच माणसांना मलेरिया होतो का?"

दवाखान्यातला माणूस दहाची बांधेल. किराणा दुकानदार डझनाची बांधेल. पंचवीसची कोण बांधेल? पगाऱ्यांनी पुडीचा दोरा पुन्हा पाहिला. दोन वेढे, गाठ नाही, टोक वेढ्याखाली खोचलेलं. एका हातानं, न बघता बांधायची पद्धत.

ही पद्धत त्यांनी जन्मापासून पाहिली होती. त्यांची आई सिन्नरला तीस वर्षं विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची पानं. पंचवीस विड्या झाल्या की बंडल, दोन वेढे, टोक खोचलेलं. तिचा हात इतका बसला होता की भाकरीबरोबरच्या मिरच्यासुद्धा ती दोऱ्यानं तशाच बांधून द्यायची.

नाशिक जिल्ह्यात पंचवीसची पुडी बांधणारा एकच धंदा होता. आणि त्या धंद्यातला सगळ्यात मोठा माणूस आत्ता उपअधीक्षक मिरजकरांना आंब्याचा रस वाढत होता.

४

रविवारी पगारे साध्या कपड्यांत सिन्नरला गेले. आईच्या शेजारची भागीबाई दारातच सूप घेऊन बसली होती. तोंड चालू होतं आणि बोटंही.

"जयभीम, मावशी."

"जयभीम. देवराम व्हय! आई गेल्यापासनं फिरकला नाय तू. आता काय काम काढलंस?"

कामाशिवाय तो येणार नाही हे तिनं धरूनच चाललं होतं. पगाऱ्यांनी खिशातून एक पुडी काढून तिच्या सुपात टाकली. भागीबाईनं ती उचलली, दोऱ्यावरून अंगठा फिरवला आणि हसली.

"ही शकुबाईची दिसती. ती वेढा ढिला घालती."

"तुम्ही बांधल्या या?"

"मंग? होळीच्या टायमाला कारखान्यात शेठनं मलेरियाचं शिबिर भरवलं. डाक्टर आला, फोटो काढले, हार घातले. आमाला दोन-दोन गोळ्या वाटल्या अन् बाकीचे डबे मागच्या खोलीत गेले. मंग मुनीम म्हणला, बायांनो, सुट्या गोळ्या सांडत्यात, पुड्या बांधा. किती किती बांधायच्या ते कोणी सांगितलंच नाय. आमचा हात पंचवीसलाच थांबतो."

"कशासाठी म्हणाला?"

"जंगलात शेठचं विडीचं पान तोडणारी माणसं हायेत ना, त्यांना लय ताप येतो म्हणं. बरं वाटलं आमाला. ती बी आपल्यासारकीच." ती जरा थांबली. "पन त्याच ट्रकात बूट भरले, कापड भरलं, सेल भरले. मी मुनीमाला इचारलं, का रं, पानं तोडायला हिरवी वर्दी लागती का? तर म्हणला, तू विड्या वळ."

"मग?"

"मंग काय, वळते." तिनं पंचविसावी विडी बंडलात खोचली. "देवराम, उद्या शेठचं पान आलं नाय तर हितल्या चार हजार बायांच्या चुली इझतील. हे डोक्यात ठेवून काय ते कर."

पगाऱ्यांना तिचा राग आला. सगळं कळतं, तरी बोटं थांबत नाहीत. या असल्या समजूतदार माणसांमुळेच बारकूशेठसारखे लोक माजतात, असं त्यांना वाटलं. त्यांनी तिनं पुढं केलेला चहासुद्धा अर्धाच घेतला.

५

सोमवारी दुपारी तीन वाजता ते गंगापूर रोडच्या बंगल्यावर पोचले. दिवाणखान्यात पंख्याखाली तिघंही बसले होते. मिरजकर, डॉ. खांबेटे आणि पांढऱ्याशुभ्र धोतरातले बारकूशेठ. रहेमानचा प्रस्ताव टाइप होऊन टीपॉयवर पडला होता, फक्त सही बाकी होती.

"दोन तास आहेत पगारे. बोला."

पगाऱ्यांनी पुड्यांचा डबा त्या कागदावरच ठेवला आणि बोलायला सुरुवात केली.

"कुलूप किल्लीनं उघडून मग ठोकलं. डब्यांच्या जागेवर महिनाभराची धूळ आहे, म्हणजे शुक्रवारी चोरी झालीच नाही. गुरुवारी साहेबांचा फोन गेला. तेव्हा डॉक्टरसाहेबांना आठवलं की बारा डबे आपण कागद न करता देऊन बसलोय. हार आणि फोटोच्या बदल्यात. मग त्यांनी रहेमानची नमाजाची वेळ गाठली आणि हातोडी घेतली. डॉक्टर, पुढच्या वेळी दांडीवर मारा."

डॉ. खांबेटे पांढरे पडले. "मी... ते शिबिर होतं हो! समाजकार्य!"

"डबे गेले तंबाखूचा वास मारणाऱ्या टेम्पोतून. पुड्या पंचवीसच्या आहेत, विडीच्या बंडलासारख्या बांधलेल्या. बारकूशेठ, दुनिया फसवलीत, पण बायकांच्या बोटांना आकडा सांगायचा राहिला."

मिरजकरांचा जबडा लोंबला. आपण ज्याची रसद तोडायला निघालो, त्याच्याच ताटात आपण तीन दिवस जेवतोय, हे त्यांच्या डोक्यात हळूहळू उतरत होतं. त्यांची ती अवस्था बघून पगाऱ्यांना मनापासून बरं वाटलं.

बारकूशेठनी मात्र पानाचा विडा सावकाश चघळला.

"दिल्या," ते म्हणाले. "दर साली देतो. काय म्हणणं आहे?"

"नक्षलवाद्यांना?"

"नाव काही लावा. साहेब, सरकार त्या जंगलाचा लिलाव करतं, माझ्याकडून रक्कम आगाऊ घेतं आणि म्हणतं, जा, पान तोड. तिथं तुमची चौकी वीस कोसांवर. एक दिवस बंदूकवाला येतो, म्हणतो, मजुरी वाढव आणि सामान आण. मी वाढवतो आणि आणतो. नाही आणलं तर पान जळतं, ट्रक जळतो, मुनीम जळतो. मला अटक करा, पुढच्या साली दुसरा शेठ लिलाव घेईल. तोही देईल."

"आम्ही वाट बंद करू," मिरजकर पुटपुटले.

"कुठली? तुमची ती लाल रेघ?" शेठ हसले. "सामान काय तोफा आहेत होय? बूट, सेल, मीठ, गोळी. आठवडे बाजारात मिळतं. मी नाही दिलं तर मास्तर देईल, बस कंडक्टर देईल, जंगलातली म्हातारी आपल्या मिठातलं मूठभर देईल. काही धाकानं, काही आपुलकीनं. मीठ बंद कराल? केलंत तर गावं त्यांच्या बाजूला जातील. रसद म्हणजे नळ नाही साहेब, तोटी फिरवून बंद करायला."

"हे सगळं जबाबात येईल," पगारे म्हणाले.

"येऊ द्या की. कोणापुढं नोंदवता? समितीचा अध्यक्ष मी आहे. नेमणूक साहेबांची."

मिरजकरांनी प्रस्तावावरचा डबा बाजूला केला आणि घसा खाकरला.

६

"पगारे," ते म्हणाले, "दोनच गोष्टी संभवतात. चोरी झाली, तर चोर रहेमान. चोरी झाली नाही, तर चोरच नाही. तिसरं कागदावर बसत नाही."

"तिसरं खरं आहे साहेब."

"असेल. वर पाठवा तुमचा अहवाल. पोचायला महिना, चौकशी समितीला सहा. तोवर हा कागद पाच वाजता जातोच." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "किंवा असं लिहून द्या की डबे भांडारातच दुसऱ्या खोलीत सापडले, मोजणीत चूक झाली. जंगलातला डबा जुना, भंगारात गेलेला. मी हा फाडतो. तुमचा माणूस आज घरी जाईल."

डॉक्टरांनी घाईघाईनं कोरा कागद पुढं सरकवला. शेठनी स्वतःचं पेन दिलं.

पगाऱ्यांनी तिघांकडे पाहिलं. एक भित्रा, एक मूर्ख आणि एक बेरड. यांच्या थोबाडावर हा डबा मारावा आणि चालतं व्हावं, असं त्यांना फार वाटलं. या खोलीत तेवढा एकच स्वच्छ माणूस होता आणि तो म्हणजे आपण. तसं स्वच्छ राहायचं मोल काय, तर रहेमानचं एक वर्ष आणि त्याच्या पोरीचं मोडलेलं लग्न. मोल दुसऱ्यानं भरायचं होतं.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. पगारे खुर्चीवर बसले आणि त्यांनी लिहिलं. 'मोजणीत चूक.' अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं, याचीच त्यांना लाज वाटली.

साहेबांनी शब्द पाळला. संध्याकाळी रहेमान सुटला. जुलेखा ठाण्याच्या पायरीवर हात जोडून काही बोलत होती, पण पगारे मागच्या दारानं निघून गेले.

मिरजकरांच्या मोहिमेचा मात्र बोभाटा झाला. रसद तोडण्यासाठी सिन्नर फाट्यावर नाका बसला. आडवा लाकडी दांडा, तंबू, चार शिपाई, आणि नाक्याचे प्रमुख म्हणून 'या प्रकरणाचा सखोल अभ्यास असलेले' फौजदार देवराम पगारे. वर्तमानपत्रात बातमी आली. पगाऱ्यांनी तो आठवडा शिपायांवर ओरडण्यात, दुधाच्या सायकली आणि भाजीचे टेम्पो उलटेपालटे करण्यात घालवला. एका म्हाताऱ्याच्या पिशवीतले दोन टॉर्चचे सेल जप्त केले आणि नंतर लाजून परत दिले.

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहाच्या उन्हात लोणारे कारखान्याचा ट्रक नाक्यावर येऊन थांबला. ताडपत्री घट्ट आवळलेली. ड्रायव्हरनं खाली उतरायची तसदीसुद्धा घेतली नाही.

"काय आहे मागे?" पगाऱ्यांनी विचारलं.

"मजुरांचं सामान."

"ताडपत्री सोड."

ड्रायव्हर खिडकीतून वाकला. त्याला राग आला नव्हता, उलट तो ओळखीचं हसला.

"साहेब, सोडतो की. पन शेठ म्हणले, नाक्यावर पगारे साहेब हायेत, काळजी करू नको. ते आपलेच हायेत."

शिपाई दांड्याला हात लावून पगाऱ्यांच्या तोंडाकडे बघत उभा होता. ताडपत्री सोडली तर काय निघेल, ते त्यांना पाठ होतं. ते धरलं तर पहिला प्रश्न काय येईल, तेही ठाऊक होतं. होळीचे बारा डबे कुठं सापडले होते, पगारे? आणि खाली सही कोणाची? ती सही खोटी ठरली की तिच्यामागून सगळ्यात आधी पुन्हा आत जाणारा माणूस रहेमानच होता.

डॉक्टरला नोकरी वाचवायची होती, शेठला पान हवं होतं, भागीबाईला चूल. प्रत्येकावर त्यांचं मनातल्या मनात थुंकून झालं होतं. आपल्यापाशीही तसंच एक चांगलं कारण होतं, आणि ते या सगळ्यांपेक्षा चांगलं होतं, म्हणून जास्त मजबूत होतं.

मागे ट्रकांची रांग लागली होती. कोणीतरी भोंगा वाजवला.

"काय करू साहेब?" शिपायानं विचारलं.

"जाऊ दे," पगारे म्हणाले, आणि शिपाई नीट उचलत नाही असं बघून त्यांनी स्वतः पुढं होऊन दांडा वर केला.